कार्डावरचं नाव

१९९८ साली दुबईच्या करामा भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तयारी झाली होती, पण भूल द्यायला कुणी नव्हतं. अपेंडिक्स कधीही फुटेल, असं सर्जन म्हणाले होते. धाकटी बहीण स्ट्रेचरवर विव्हळत होती आणि थोरली रिसेप्शनवरून एकामागून एक फोन लावत होती. एक भूलतज्ज्ञ सुट्टीवर होता, दुसरा कंपनीचं इन्शुरन्स कार्ड घेत नव्हता. अखेर शहराच्या देरा भागातून कुलसुम सिस्टर आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, भूल देण्यात वीस वर्षं घालवलेल्या.

"कार्ड चालतंय, पोरी. आता रडू नकोस."

थोरलीच्या जिवात जीव आला. सिस्टरांनी कार्डावरच्या नावाची जुनी फाइल मागवली आणि वाचता वाचता इंजेक्शन भरलं.

"संध्या, मागच्या वर्षी टॉन्सिल काढले तेव्हा हीच भूल दिली होती. काही त्रास झाला नव्हता. तीच देते."

धाकटी डोळे मिटून कण्हत होती. थोरलीला एकदम आठवलं. लहानपणी टाके घालताना दिलेल्या भुलीने धाकटी काळीनिळी पडली होती, जेमतेम वाचली होती. थोरलीने सिस्टरांचा हात घट्ट धरला.

"सिस्टर, थांबा! संध्या मी आहे. कार्ड माझं, फाइल माझी. ही माझी बहीण पर्णिका, व्हिजिट व्हिसावर आलीय, हिला कार्ड नाही."

सिस्टरांनी इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं.

"हिला काय सोसत नाही ते आधी सांग," त्या म्हणाल्या. "कार्डाचं मग बघू."