विझवलेली बॅटरी

"विझव ती बॅटरी! अक्कल गहाण ठेवलीस का?" दुर्बिणीजवळून विद्याधर बायकोवर खेकसला. "देवयानी दीर्घिकेचा फोटो चाललाय. उजेडाची एक तिरीप पडली, तरी सगळी मेहनत पाण्यात!"

नलिनीने बॅटरी विझवली. नाशिकहून दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून ती जैसलमेरच्या वाळवंटात आली, ती काय ही बोलणी खायला? उजेड नको म्हणून त्याने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरही काळं फडकं टाकलं होतं. अंधारातच ती लघवीला निघाली आणि तंबूच्या खुंटीला अडखळून पडली. पाय मुरगळला.

"हळू! दुर्बीण हलेल," एवढंच तो म्हणाला. ती रात्रभर धुमसत राहिली.

उजाडायच्या आधी तो खुशीत हाका मारू लागला, "चार तासांचे फोटो झाले! चल, आवरू या."

ती लंगडत दुर्बिणीपाशी गेली. हात लावला, तर तोंडावर झाकण.

"हे आत्ता लावलंत?"

"छे! संध्याकाळी कॅमेरा तपासायला काळे फोटो घेतले, तेव्हा लावलं होतं. नंतर..." त्याने घाईघाईने स्क्रीनवरचं फडकं ओढलं.

नलिनीने बॅटरी सरळ त्याच्या तोंडासमोर धरली. "आता लावू?"