चौदावं डोकं

"पैसे कोणाच्या खिशातून गेले ते विसरा. वापरलं कोणी, एवढंच विचारा," हिशेबसर म्हणाले आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. आकड्यांचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशांना हिशेब शिकवायला हेड ऑफिसने त्यांना पाठवलं होतं. समोर संस्थेच्या तीन प्रकल्पांची माणसं बसली होती. त्यात फिरत्या दवाखान्याच्या नर्सताई होत्या, म्हाताऱ्यांना घरोघरी जेवण पोचवणारे ड्रायव्हरकाका होते आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणारी एक बाई होती. तिला सगळे बोलबाई म्हणत, कारण ती स्वतः फारशी बोलत नसे. काकांना झोप येत होती, पण सरांच्या आवाजापुढे झोपेचं काही चालेना.

धडा विजेच्या बिलाचा होता. इमारतीला मीटर एकच आणि प्रकल्प तीन, तेव्हा ज्याच्याकडे जितकी डोकी, त्याच्यावर तितका वाटा. ज्या खोलीला कोणी धनी नाही, तिची लाईन आजच तोडायची होती. वायरमन चहाच्या वेळेला येणार होता.

सर बोलबाईच्या कागदापाशी अडले. "मुलं बारा, तुम्ही एक. तेरा झाले. इथे चौदा लिहिलंय."

"चौदाच आहेत."

"अहो, बिल दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आपल्याच गळ्यात बांधून घेणाऱ्या तुम्ही पहिल्या." सगळे हसले. सरांनी फळ्यावरचा चौदा पुसून तिथे तेरा लिहिला.

जेवणाची सुट्टी झाली तशी ती उठून त्यांच्याजवळ आली. "सर, तेरा केलं तर कोपऱ्यातली खोली कोणाचीच राहत नाही."

"पाळणाघर? ते बंद होऊन वर्ष झालं. तिथे वापर कसला?"

"या वेळेला पंखा लागतो."

असल्या गोष्टी सर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नसत. त्यांनी नर्सताईंना सगळ्या खोल्यांची बटणं बंद करायला लावली आणि स्वतः जिन्याखाली मीटरसमोर जाऊन उभे राहिले. इमारत चिडीचूप झाली. मीटरचा लाल दिवा मात्र लुकलुकतच होता, म्हणजे कुठेतरी वीज वापरली जात होती. कोणीतरी विसरलं असेल, असं सर म्हणाले, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

पाळणाघराची एकुलती एक किल्ली हेड ऑफिसात असायची. सकाळी येताना त्यांनीच ती आणली होती. कुलूप इतकं गंजलेलं होतं, की तेल सोडल्यावर कुठे ते उघडलं.

आत पंखा फिरत होता. फिनाईलचा वास येत होता. छोट्या छोट्या गाद्या भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या आणि फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली. सर तरातरा पलीकडच्या भिंतीवरच्या बटणापर्यंत गेले. त्यांच्या मागे बुटांचे मातकट ठसे उमटले.

"फरशी कोणी पुसली?"

"आईने," बोलबाई दारातूनच म्हणाली. तिने चपला बाहेर काढल्या होत्या. "पोरं झोपायच्या आधी ती पुसून घेते आणि वाळेपर्यंत पंखा लावते. ओल्यावर गाद्या घातलेल्या तिला चालत नाहीत."

"तुमच्या आई इथे कामाला आहेत?"

"होती. आया होती. पाळणाघर बंद झालं आणि त्याच महिन्यात गेली. घरी ती एकदाही आली नाही, सर. मी वाट बघितली. ती इथेच येते. सुट्टीत मी बाहेर उभी राहते, आतून फडक्याचा आवाज येतो. लाईन तोडलीत तर ती येईल की नाही, मला माहीत नाही. मला फार भीती वाटते."

सरांना वाईट वाटलं. पोरीला सावकाश समजावू, असं ठरवून त्यांनी बटणाकडे हात नेला आणि सहज मागे पाहिलं.

दाराजवळचा ठसा नव्हता. मग त्याच्या अलीकडचाही दिसेना. फरशीवरून एक ओला पट्टा डावीकडून उजवीकडे जात होता आणि जरा अलीकडे सरकून उजवीकडून डावीकडे येत होता. कोपरेही सुटत नव्हते. ठसे एकेक करून जात राहिले. पट्टा सरांच्या बुटांपर्यंत आला आणि तिथे थांबला.

सरांचा हात बटणापाशी तसाच राहिला.

"बूट काढा, सर," बोलबाई म्हणाली. "ती तुमच्यासाठीच थांबलीय."

ठरल्या वेळी वायरमन पक्कड घेऊन वर्गात आला आणि कुठली लाईन तोडायची म्हणून विचारू लागला. सर अनवाणी फळ्यापाशी उभे होते. त्यांनी तेरा पुसला आणि खडू करकरणार नाही अशा बेताने तिथे चौदा लिहिला. मग वायरमनकडे वळून ते काहीतरी पुटपुटले.

"सर, ऐकू येत नाही," काका मागच्या बाकावरून म्हणाले. "जरा मोठ्याने बोला."

सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाळणाघराच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं.

"कुठलीच तोडायची नाही," ते कुजबुजले. "आणि हळू बोला. मुलं आत्ताच झोपलीत."