दोन बोटं जास्त

दार पुन्हा बसेना. मास्तरांनी खांदा लावला, गुडघा लावला, शेवटी चिडून एक लाथही घालून पाहिली. दार चौकटीपेक्षा चांगलं दोन बोटं रुंद होतं.

“लाकूड फुगलंय,” मास्तर म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मास्तरीणबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पस्तीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलं, मग ते बंद करून जंगलाच्या कडेला हे मोडकं लाकडी घर विकत घेतलं. मागे दोन एकर झाडी, पुढे चिखलाची वाट आणि छपरात खारींचं बिऱ्हाड. साठी बुद्धी नाठी, असं सगळे म्हणाले. त्यावर कळस म्हणजे, सुतार लावायचा नाही, सगळं आपल्या हातानं करायचं, असा मास्तरांनी हट्ट धरला. या माणसानं जन्मात कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता.

सुतारकामाचं टेबल त्यांनी सगळ्यांत आधी केलं, आणि तेच वीतभर बुटकं झालं. त्याच्यावर काम करताना मास्तर कमरेत वाकायचे आणि संध्याकाळी कण्हायचे. बाकी जे जे केलं ते सगळं मापाला जास्त. खिडकीची झडप जास्त, फडताळाच्या फळ्या जास्त, जिन्याची पायरी जास्त. मजा म्हणजे लाकडावर खडूची रेघ अगदी बरोबर असायची, करवत मात्र तिच्या दोन बोटं बाहेरून जायची. बाईंना वाटायचं, बरोबरच आहे, जन्मभर शिवणीसाठी कापडाला दोन बोटं माया ठेवून कात्री चालवली, त्या हाताला दुसरं काय सुचणार?

बाई स्वतः सुताराची लेक. लहानपणी बापाच्या रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या ढलप्या गोळा करायच्या, एवढंच काम त्यांच्या वाट्याला यायचं. रंध्याला हात लावला की बाप ओरडायचा, “ठेव तो खाली. पोरींचं काम नाही ते.” पुढे लग्न झालं, हातात सुई आली आणि दुकानात काजं-बटणं करता करता पस्तीस वर्षं निघून गेली. पण डोळ्यांनी शिकलेलं काही पुसलं गेलं नव्हतं.

म्हणून मास्तर दुपारी सायकलवरून खिळे आणायला गेले, की बाई कामाला लागत. आधी रेघेवरून करवत, मग रंधा. मास्तर फाटकापासूनच घंटी वाजवत यायचे. तेवढ्या वेळात भुसा झाडून बाई स्वयंपाकघरात हजर. मास्तर फळी लावून बघायचे, ती चपखल बसायची. “बघ, लाकूड सुकलं की बसतं!” असं म्हणून ते मिशीला पीळ द्यायचे. बाई मूग गिळून गप्प. नवऱ्याचा हिरमोड कशाला करा? आणि खरं सांगायचं तर इतकं सुख त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशानं झालं नव्हतं. सकाळी डोळे उघडले की त्या दुपारची वाट बघू लागत. गेले तीन महिने हे असंच चाललं होतं.

आज मात्र मास्तरांनी दार उचलून टेबलाशी टेकवलं आणि हात झटकले.

“हे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही. संध्याकाळपर्यंत नाही बसलं, तर उद्या सुतार बोलावतो. पुढचं सगळं तोच करेल.”

आणि ते सायकल काढून गेले.

सुतार आला म्हणजे बाईंच्या दुपारी संपल्या. फळ्यांचं निभावून नेता आलं होतं, पण अख्खं दार दोन तासांत आपोआप सुकलं, असं कोण मानेल? पकडलं जायचं, हे उघड होतं. बाई चौकटीत थोडा वेळ उभ्या राहिल्या. जंगलातून गार वारा आत येत होता. घर घेण्याआधी मास्तरांनी एकदा त्यांना उभं करून, खांदे, पाठ, अगदी मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावून माप घेतलं होतं. “जंगलात थंडी असते, कोट शिवतो तुला.” “कोट शिवताय की तंबू?” असं बाईंनी विचारलं होतं. तो कोट काही अजून झाला नव्हता.

“पकडू देत,” बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि त्यांनी करवत उचलली.

काम असं रंगलं की वेळेचं भान राहिलं नाही. रंधा सरसर जात होता, ढलप्या पायाशी पडत होत्या, बाई चक्क गुणगुणत होत्या. शेवटचा हात फिरवून त्या वळल्या, तर समोर मास्तर. आज घंटी वाजलीच नव्हती.

बाईंनी रंधा पटकन पाठीमागे लपवला, लहानपणी बापापासून लपवायच्या तसा.

“अहो, मी फक्त... तुमचं माप जरा चुकलं होतं, म्हणून.”

“पस्तीस वर्षांत माझं माप कधी चुकलेलं पाहिलंस?”

बाईंनी दाराकडे पाहिलं, कापलेल्या पट्टीच्या कडेला उरलेल्या खडूच्या सरळ रेघेकडे पाहिलं. त्यांना हसू आवरेना. रंधा खाली ठेवायला त्यांनी हात सोडला, तर मनगट बरोबर टेबलाच्या कडेला येऊन टेकलं.

“म्हणजे माझा कोट...”

“झाला की!” मास्तरांनी टेबलावर थाप मारली. “तीन महिने वापरतेयस.”