उम्म सायेलचं मागणं

शुक्रवारच्या नमाजावरून आल्यावर फव्वाज बाशांनी रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवलं आणि दहा माणसांना पुरेल एवढं मन्सफ, दह्यात शिजवलेलं मटण आणि भात, परातीत काढलं. जेवायला दोघंच होते. ते आणि त्यांची मुलगी अरीज.

"साऱ्या जगाची पुस्तकं वाचतेस," पहिला घास घेऊन ते म्हणाले, "आणि भात असा! भिंत लिंपायच्या कामाचा."

"मग नका खाऊ, बाबा."

"सैन्यात याहून वाईट खाल्लंय."

आणि ते सुरू झाले. खिंडीतली चौकी, बर्फात अडकलेली तुकडी, रसद वाहणारं गाढव, ज्याला हवालदारानं परस्पर बढती देऊन टाकली होती. शिपायांनी त्यांना कधी मेजर, कर्नल म्हटलंच नाही. मुलीच्या नावानं 'अबू अरीज', अरीजचा बाप, म्हणायचे. मग ब्रिगेड आली, मग डिव्हिजन, छातीवरची पदकं. खाकी उतरवून पोलीसप्रमुखाचा निळा गणवेश घातला त्या दिवसापाशी गोष्ट नेहमीसारखी थांबली.

"आणि मग?" अरीजनं विचारलं.

"मग काय. मग बाशा झालो, बडा साहेब." त्यांनी हाडावरचा मऊ तुकडा सोडवून तिच्या बाजूला सरकवला. "खा. गार होतंय."

बाहेरून दोघे जण चालले होते. बाशा अर्धवट उठले. "या, या! पाहुणे नसले तर घास उतरत नाही." त्या दोघांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघून गेले. बाशा थोडा वेळ तसेच अर्धवट उभे राहिले.

"पोटं भरलेली दिसतायत गावाची," ते म्हणाले आणि बसले.

शनिवारी पहाटे ते उठले नाहीत.

दुखवट्याच्या तंबूत जुने शिपाई लांबलांबून आले आणि लहान मुलांसारखे रडले. पोलीस खात्याची एक गाडी आली, अधिकाऱ्यानं फातिहाची प्रार्थना म्हटली, गाडी गेली. गावासाठी मांडलेल्या खुर्च्या बहुतेक रिकाम्याच राहिल्या.

तिसऱ्या दुपारी बायकांच्या खोलीत उम्म सायेल, म्हणजे सायेलची आई, आली. पावाचे भाव वाढले तेव्हाच्या मोर्च्यात तिच्या मुलाचा जीव गेला होता. तो गच्चीवरून पडला, असं पोलीसप्रमुख म्हणून बाशांनीच टीव्हीवर वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून गावानं या घरचं अन्न सोडलं होतं.

ती अरीजच्या समोर बसली. कडू कॉफीचा पेला तिनं हातात घेतला आणि न पिता सतरंजीवर ठेवला.

पाहुण्यानं पेला असा खाली ठेवला की त्याला काही मागायचं असतं. आणि काय मागायचंय हे न विचारता आधीच हो म्हणण्यात यजमानाची अब्रू असते. नौफा आत्यानं भावाची अब्रू सांभाळली.

"पी बाई, कॉफी पी," ती घाईनं म्हणाली. "तुझं मागणं मान्य. धाकट्याच्या नोकरीचं असेल तर अजून ओळखी आहेत आमच्या."

"नोकरी नको. माझा सायेल कसा गेला, ते या घरानं मला सांगावं."

आत्याचा चेहरा उतरला. "अगं, तेव्हाच टीव्हीवर सांगितलं होतं की."

"तुझ्या भावानं कागद वाचला होता. तो ऐकलाय मी. आता मला तोंडानं सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. "गच्चीवरून पडला म्हणे! शिडीला घाबरायचा माझा मुलगा. कबुतरांना दाणे टाकायलासुद्धा मीच वर चढायचे."

"मयताचं चांगलं तेवढंच आठवावं, उम्म सायेल," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"माझाही मयतच आहे."

आत्या अरीजच्या कानाशी लागली. "ही असलं काही मागेल हे मला काय ठाऊक! तू बोलू नकोस. माझा शब्द गेला तर माझा गेला. म्हातारीच्या शब्दाला कोण विचारतंय?"

बाहेर तंबूत कुणी हवालदार मोठ्यानं सांगत होता, की अबू अरीजनं त्याला जखमी असताना पाठीवर घेऊन अख्खी टेकडी उतरून आणलं होतं. ऐकणारे मध्येच 'अल्ला रहम करो' म्हणत होते. आत पेल्यातून येणारी वाफ थांबली.

"जाऊ?" उम्म सायेलनं विचारलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

अरीज गादीवरून उतरली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. उम्म सायेलचा हात तिनं धरला नाही. आपलेच हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले.

"बस, खाला. तो गच्चीवरून नाही पडला."

"अरीज!" आत्या म्हणाली.

"त्या संध्याकाळी बाबा घरी आले, ते बूटही न काढता आत आले. मी स्वयंपाकघरात होते. आई तेव्हा होती. तिला म्हणाले, 'आमचीच गोळी होती. पोरगं पळत होतं. पाठीत लागली.' मग ते दाराशीच खाली बसले आणि रडले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, खाला. आणि सकाळी तोंड धुऊन, दाढी करून, ते टीव्हीवर तो कागद वाचायला गेले."