मापाचा धागा

"दुखते काय?" पोटरीवरची गाठ दाबत देवरीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं. "नाही," धुरपता म्हणाली. न दुखणारी गाठ चरबीची असते, पाण्याची असते, क्वचित वाईटही निघते. वाढली का, ते बघावं लागतं, असं बाईंनी समजावलं. धुरपतानं बटव्यातून नवऱ्याची तंबाखूची डबी काढली. आत बिड्या बांधायच्या धाग्याचा तुकडा होता. गाठ दिसली त्या दिवशी नवऱ्यानं तो गाठीच्या मापानं तोडला होता. मग दर इतवारी जेवणं झाली की तो धागा गाठीवर धरायचा अन् म्हणायचा, "वाढली नाही वं, धुरपता." तो गेल्यापासून डबी उघडलीच नव्हती. धुरपतानं सांगितलं तसा बाईंनी धागा गाठीवर धरला. "वाढली नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या सोनोग्राफीतही चरबीच आहे. आता यायची गरज नाही." धुरपता पाय खाली घेईना. "इतवारी येत जाऊ काय, बाई?" "इतवारी दवाखाना बंद राहते, माय."