हिरवा दोरा

अंपारोच्या पर्समध्ये लाल दोऱ्याची लडी होती आणि उद्घाटनाला पाऊण तास उरला होता.

समोर भिंतीलगत एक सुकी फांदी उभी केली होती, माणसाहून उंच. तिच्यावर बायकांनी भरलेले रुमाल टांगले होते. ज्यांचा पत्ता नाही त्यांचं नाव हिरव्या दोऱ्यानं, जे मेलेले सापडले त्यांचं लाल. शिकागोतल्या या चर्चच्या तळघरात बायका दर गुरुवारी हेच भरत बसायच्या. प्रदर्शनाला 'पुन्हा पालवी' हे नाव यारेत्सीनं दिलं होतं. यारेत्सी चोवीस वर्षांची, चित्रकला शिकलेली, मोठ्या बायकांना आदरानं 'दोन्या' म्हणणारी. तिच्या घरातलं कुणी हरवलेलं नव्हतं, त्यामुळे तिला नावं छान सुचायची.

"हिरवे वर, लाल खाली," ती शिडीवरून म्हणाली. "बघा तरी, दोन्या अंपारो, किती पानं फुटलीत!"

"बघतेय," अंपारो म्हणाली.

बरोबर मधोमध तिच्या इसिद्रोचं पान होतं.

नऊ वर्षांपूर्वी इसिद्रो आणि चायोचा उरिएल मायदेशातून एकाच बसनं उत्तरेकडे, आपापल्या आईकडे यायला निघाले. बस पोचली, पोरं पोचली नाहीत. तेव्हापासून दोघी शेजारी बसून हिरवं भरत होत्या. चायो इसिद्रोची धर्ममाता, म्हणून अंपारोची कोमाद्रे. बहिणीहून जवळची आणि बहिणीहून तोंडाळ. ती म्हणायची, "जिथे असतील तिथे एकत्रच असतील. तुझा बावळट आहे गं, पण माझा त्याला सोडायचा नाही."

तीन आठवड्यांपूर्वी तिकडच्या सरकारी कचेरीतून फोन आला. फोनवरच्या बाईनं दोनदा नाव विचारलं, मग सांगितलं. ज्वारीच्या एका शेतात हाडं सापडली होती. अंपारोनं दिलेल्या थुंकीच्या नमुन्याशी ती जुळली. "आणि उरिएल?" अंपारोनं विचारलं. दुसऱ्या घरची माहिती देता येत नाही, बाई म्हणाली. अंपारो तेव्हा हॉटेलच्या धुलाईघरात होती. तिनं फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या. अठ्ठावीस होत्या.

हिरव्या नावासाठी कुणी चर्चमध्ये मृताची मिस्सा, आत्म्याच्या शांतीची प्रार्थना, सांगत नाही. जिवंत माणसासाठी ती करायचीच नसते. म्हणजे तीन आठवडे इसिद्रो नुसताच पडून होता, आईकडून एक प्रार्थनासुद्धा नाही. नाव लाल करायला हवं होतं. पण ते लाल झालं की चायोला कळणार. 'एकत्रच असतील' हे चायोचंच वाक्य. तेच तिच्या अंगावर कोसळणार. अंपारोला एवढंच सुचलं होतं: चायो यायच्या आत रुमाल गुपचूप घरी न्यायचा. पुढचं पुढे.

"पोरी, माझा टाका सुटलाय. काढून दे, उद्या आणते."

"मधलं पान काढलं तर झाड टकलं दिसेल. राहू द्या ना!"

तेवढ्यात जिन्यावरून मक्याच्या वाफवलेल्या तमालेंचं पातेलं आलं आणि पातेल्यामागून चायो.

"काय गं कोमाद्रे, तोंड बघ तुझं! इस्त्री राहिलेल्या चादरीसारखं. जेवलीस का?"

"जेवले."

"खोटारडी," म्हणत चायोनं पातेलं टेबलावर आदळलं.

"दोन्या चायो," यारेत्सी हसली, "यंदा तुमची अक्षरं फार जाड झालीत हं. उरिएल कसा गुबगुबीत दिसतोय."

"वयानं सगळंच जाड होतं. तुझंही होईल, थांब."

एकट्या चायोचाच रुमाल फांदीवर नव्हता. चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून तिनं तो स्वतःच्या हातानं भिंतीला बसवला होता. भरतकामाची मागची बाजू लोकांना दाखवायची नसते. लहानपणी त्यापायी आईच्या चपला खाल्ल्यात, असं तिचं म्हणणं.

चायो ताटल्या आणायला आतल्या स्वयंपाकघरात गेली. अंपारोनं संधी साधली. चवड्यांवर उभी राहिली आणि इसिद्रो ओढून काढला. फांदी हलली.

"अहो, हे काय!" यारेत्सी शिडीवरून उतरली. मधोमध मोठं भगदाड दिसत होतं. "लोक येतीलच आता. बरं, तिथे दोन्या चायोंचा लावते." आणि तिनं भिंतीतल्या टाचण्या उपटायला सुरुवात केली.

"नको! हात लावू नकोस त्याला!"

चायो दारात होती. तिच्या हातातल्या कागदी ताटल्या फरशीभर घसरत गेल्या. पण चौथी टाचणी निघाली होती. रुमाल यारेत्सीच्या बोटांत उलटा झाला.

मागून सगळं नाव लाल होतं.

बारीक, नेटके, लाल टाके. हिरवा दोरा कापडातून गेलाच नव्हता. पुढच्या बाजूला लालवर नुसता गुंडाळला होता, म्हणून अक्षरं फुगली होती. यारेत्सीला काही कळलं नाही.

"नाताळात फोन आला," चायो म्हणाली. कधी नव्हे तो तिचा आवाज बारीक होता. "तुझ्या पोराचंही विचारलं मी. सांगेनात. म्हटलं, माझं लाल बघून तू काय समजायचं ते समजशील. तुझं तरी हिरवं राहू दे."

अंपारोनं पर्समधून लडी काढून पुढे धरली.

चायो लाल दोऱ्याकडे बघत राहिली. वर चर्चचं दार उघडल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजू लागली, कुणीतरी हसलं.

"शेत?" तिनं विचारलं. "ज्वारीचं?"

"ज्वारीचं."

चायोनं नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि सुईत ओवण्यासाठी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं.

"सोडलं नाही बघ माझ्या पोरानं तुझ्या पोराला," ती म्हणाली.