मिळून आला नाही

मुंबईहून परत आलेला लिफाफा कोर्टातल्या कारकुनाने, महिपतने, सकाळपासून तीनदा उघडला होता आणि तीनदा मिटून फायलीखाली सरकवला होता. शेरा काही बदलत नव्हता. अकराच्या सुमाराला सखू खिडकीशी येऊन उभी राहिली आणि आता तो कागद सरकवायला टेबलावर जागाच उरली नाही.

"आला काय वो कागद, भाऊसाहेब?"

आलाय, एवढंच म्हणून तो पाणी प्यायला उठला. पुरा तांब्या रिकामा केला, तरी ती तिथेच उभी होती.

सखूच्या मुलीला, मैनाला, पोटगी द्यायचा हुकूम होऊन दोन वर्षं होत आली होती. सखूचा नवरा केरू मुंबईला गिरणीत. वसुलीचं वॉरंट दोनदा मुंबईला गेलं आणि दोनदा जसंच्या तसं परत आलं. केरू राहायचा गावकीच्या खोलीत. एका खोलीत गावचे पंचवीस-तीस बाप्ये, पाळ्या लावून झोपणारे. दारात पोलीस उभा राहून केरू कोण म्हणून विचारायला लागला, की शेजारी बसलेला केरूसुद्धा सांगणार, तो आत्ताच कामावर गेला.

म्हणून पौषात सखूनेच तोड काढली. केरू शिमग्याला गावी येणार, पालखीला खांदा दिल्याशिवाय राहणार नाही, पाच दिवस घरातच सापडेल, तेव्हा इथलेच पोलीस पाठवा, असा अर्ज तिने लिहवून आणला. खाली आणखी एक ओळ होती. दोघींना सांभाळणाऱ्या भावाने शिमग्यापर्यंत दम धरला आहे. तोवर काही आलं नाही, तर आठ वर्षांच्या मैनाला तो कोणाच्या तरी घरी कामाला ठेवणार.

महिपतला तो अर्ज फार आवडला होता. माणूस कुठे, कोणत्या दिवशी आणि कशाखाली खांदा देऊन उभा असेल, इतकं नेमकं त्या कचेरीत आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं. त्याने तो आवक केला, शिक्का मारला, वॉरंटाला टाचला. काळजी करू नका, असंही म्हणाला.

पण वॉरंटावर पत्ता मुंबईचा होता. तो बदलायचा तर साहेबांची सही हवी, आणि साहेब रजेवर. साहेब हजर झाले तेव्हा महिपतची स्वतःची रजा तोंडावर आलेली. जाण्यापूर्वी टेबल मोकळं करायचं म्हणून मुंबईच्या पत्त्याची सगळी वॉरंटं एका गठ्ठ्यात बांधून त्याने मुंबईला धाडून दिली. सखूचा अर्जही त्याच टाचणीत अडकून गेला. कोणी चहापाणी मागितलं नव्हतं, कोणी कागद दडवला नव्हता. महिपत गुहागरकडच्या आपल्या गावी गेला. शिमग्यालाच.

त्याने लिफाफा उघडला आणि शक्य तितक्या भरभर वाचलं. "सदर इसम शिमग्याचे सणाकरिता मूळ गावी गेला असल्याने मिळून आला नाही. वॉरंट परत."

सखूने डोक्यावरची पिशवी सावरली. मग हळू आवाजात, चूक आपलीच असल्यासारखी सांगू लागली.

"आमच्या अंगनात पालखी आली ना, तवा फुडचा खांदा त्याचाच होता. मैनानं नारळ ठेवला पालखीत. मी म्हनला, अजून नाचवा. तीनदा नाचवून घेतली. म्हनला, पोलीस वाटेत असतील."

महिपतला तिच्याकडे बघवेना. त्याने तिच्या कमरेच्या उंचीला पाहिलं. तिथे खिडकीच्या गजांना धरून दर वेळी मैना उभी असायची, आणि तो तिला जुना शिक्का रद्दी कागदावर उठवायला द्यायचा.

"पोर नाही आणलीत?" त्याने विचारलं.

"तिलाच सोडून आले आता. वरच्या आळीत मास्तरीनबाय हायत, त्यांचा बाळ सांभाळायचा. जेवान हाय दोन्ही येळचा." ती थांबली. "चांगली हायत मानसं."

महिपतने लिफाफा बाजूला सारला. ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. अर्ज लिहिणं त्याचं काम नव्हतं. त्यासाठी बाहेर वडाखाली अर्जनवीस बसायचा. पण आज तो स्वतः लिहिणार होता आणि संध्याकाळच्या आत स्वतः साहेबांच्या पुढ्यात नेऊन ठेवणार होता. गणपतीला केरू येईल ना, असं त्याने विचारलं. येतो तर, सखू म्हणाली, आणि इतका वेळ डोक्यावर असलेली पिशवी तिने खाली ठेवली.

महिपत आपल्या चांगल्या अक्षरात लिहीत गेला. नाव, गाव, हुकुमाची तारीख. गणपतीचे पाच दिवस त्याने दोनदा अधोरेखित केले. मग नेहमीची ओळ आली. ती त्याने हजार वेळा, न बघता लिहिली होती. 'अर्जदार नंबर दोन कुमारी मैना ही वयाने अज्ञान असून स्वतःचा निर्वाह करण्यास'

तिथे, 'असमर्थ' या शब्दाआधी, त्याचा हात थांबला. पोटगी मिळते ती, ज्या पोराला आपलं पोट भरता येत नाही त्याला. केरूच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असणार: पोर जेवते कुठे? आणि कशाच्या बदल्यात?

सखू गजांतून वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"काय झाला, भाऊसाहेब?" ती म्हणाली. "शाई संपली काय?"